ऐकू नाही आलं

प्रिय बडबडे,

फोन हाताशी असताना बाबा पत्र कसलं लिहीत बसलाय, असं तुला वाटेल. पाकीट बघून घाबरू नकोस, माझी तब्येत ठणठणीत आहे. गुडघा कुरकुरतो, पण तो आता घरचाच झालाय. त्या रविवारच्या फोननंतर तू माझ्यावर रुसली आहेस, एवढं न कळण्याइतका तुझा बाप अजून म्हातारा झालेला नाही. तू बराच वेळ काहीतरी सांगत होतीस, शेवटी मी 'वा, छान झालं' म्हणालो आणि तू फोन ठेवलास. तेव्हापासून तुझा रविवारचा फोन बंद आहे. मी केला तर तू हो-नाही करून आटोपतं घेतेस. लहानपणी तुझं तोंड जरा वेळ बंद राहावं म्हणून आई तुला लिमलेटची गोळी द्यायची, 'बडबड' हे नावही तिनंच ठेवलेलं. आता तू गप्प झालीस तर मला घर खायला उठतं. त्या फोनबद्दलच लिहायचंय. पण आधी इकडची एक हकिगत तुझ्या कानावर घालतो, कारण ती मधे घडली नसती तर हे पत्र लिहायची अक्कल मला सुचली नसती.

आपल्या गल्लीच्या टोकाचं चर्च आठवतं ना, ज्याच्या भिंतीवर चेंडू मारून तू फादरांची बोलणी खायचीस? त्याच्या मागच्या हॉलमध्ये उन्हाळ्याच्या सुट्टीत मुलांचा वर्ग चालतो. सकाळी वाचन, मग दूध आणि जॅम लावलेला पाव, दुपारी चित्रं, गाणी, मातीकाम, कुंडीत बिया लावणं. सगळं फुकट, आणि कुठल्याही घरचं, कुठल्याही देवाचं मूल चालतं. फुकट म्हटल्यावर माझ्या मनात पाल चुकचुकलीच. खालच्या मजल्यावरच्या शिंपीणबाई म्हणाल्या, एवढी शंका येतेय तर स्वतः जाऊन बघा की, नाहीतरी दिवसभर गॅलरीत बसून रस्त्यावरच्या गाड्याच मोजता. गेलो, आणि अडकलो. आता त्या सगळ्यांना सांगत फिरतात की आजोबांना आपणच शाळेत घातलं.

हॉल तुला आवडेल. घडीच्या लोखंडी खुर्च्या, भिंतीला सरकवलेले जुने बाक, आणि उंचावर रंगीत काचांची खिडकी. सकाळी तिच्यातून लाल-निळे तुकडे फरशीवर पडतात आणि निळ्यात कोण बसणार यावरून रोज भांडणं लागतात. कोपऱ्यात एक पियानो आहे. त्याची मधलीच एक पट्टी वाजत नाही, म्हणून गाणं म्हणताना मुलं त्या जागी सगळी मिळून 'ठक' म्हणतात. पियानो दुरुस्त करून दिला तर ती रागावतील. वर्ग चालवणाऱ्या बाई जन्मभर वाचनालयात होत्या, त्यामुळे त्या ओरडतातसुद्धा हळू आवाजात. पहिल्या दिवशी त्यांनी मला बरंच काही समजावून सांगितलं आणि मी मान डोलावत राहिलो.

तिथे शिक्षक नाहीत, कान आहेत. म्हणजे प्रत्येक मुलाच्या शेजारी एक मोठं माणूस बसतं, मूल वाचतं आणि ते माणूस ऐकतं. त्या माणसाला तिथे 'कान' म्हणतात. माझा कान आज आला नाही, तुझा कान घोरतो, माझा कान तुझ्या कानापेक्षा चांगला आहे, अशी मुलांची बोलणी चालू असतात. बाईंचा एकच नियम. मूल चुकलं तर चुकलं म्हणायचं नाही, शब्द सांगायचा नाही, नुसतं म्हणायचं, 'ऐकू नाही आलं, पुन्हा वाच.' मूल पुन्हा शब्दाकडे बघतं, चूक त्याची त्यालाच सापडते आणि सगळा दोष आमच्या कानांवर जातो. मुलं काही दूधखुळी नसतात. चार दिवसांत सगळ्यांना कळतं की 'ऐकू नाही आलं' याचा अर्थ 'चुकलं'. पण तसं बोलून कुणी दाखवत नाही. मला तर हा नियम फारच सोयीचा वाटला.

माझ्या वाट्याला आली कुजबुज. हे नाव मुलांनीच ठेवलेलं. तिची आई दवाखान्यात साफसफाईला जाते. सकाळी जाताना ती मुलीला हॉलच्या दारात सोडते, तिची वेणी एकदा ओढून सारखी करते आणि पळत सुटते. शाळेनं आईला सांगितलं होतं की सुट्टीनंतरही हिला वाचता आलं नाही तर त्याच वर्गात पुन्हा बसवावं लागेल. ते मुलीनंही ऐकलं होतं. आपण ढ आहोत असं तिनं मनाशी पक्कं धरलं होतं आणि निदान ते कुणाला ऐकू तरी जाऊ नये म्हणून ती फ्रॉकच्या कॉलरमध्ये तोंड घालून वाचायची. तिच्या शेजारच्या खुर्चीवर एक भोंगा होता. ती बेकरीवाल्याची मुलगी. तिनं वाचायला घेतलं की पियानोवरची धूळ उडते. कुजबुज आणि भोंगा एकमेकींच्या जिवलग मैत्रिणी, हे वेगळं सांगायला नको.

आता सोयीचं का, ते सांगतो. बडबडे, माझे कान गेलेत. एकदम नाही, हळूहळू. छापखान्यात मशीनच्या धडधडाटात आम्ही एकमेकांचे ओठ बघूनच बोलायचो, तुला माहीत आहे. घरी आल्यावरही मी ओरडून बोलायचो आणि आई म्हणायची, आता मशीन बंद आहे, जरा माणसात या. ती मशीन माझ्या कानात काहीतरी ठेवून गेली, ते आता दिसायला लागलंय. पण ओठ वाचायची सवय अशी मुरलेली, की कुणाला पत्ता लागला नाही. दुकानदार, शिंपीणबाई, फादर, सगळे समोरून बोलतात, म्हणून निभावून जातं. कुजबुजेचंही मी ओठांवरून आणि ओळीवर फिरणाऱ्या बोटावरून भागवत होतो. ओठांवरून नाहीच कळलं तर 'ऐकू नाही आलं' म्हणायचो. त्या हॉलमध्ये तर प्रत्येक कान दिवसभर तेच म्हणत असतो.

एके दिवशी तिच्या हातात कासवाचं पुस्तक होतं. वाचता वाचता तिनं पुस्तक तोंडासमोर धरलं. मला फक्त तिचं कपाळ दिसत होतं. मी म्हणालो, ऐकू नाही आलं, पुन्हा वाच. तिनं पुन्हा वाचलं. पुस्तक तिथेच. मी परत तेच म्हणालो. असं होत राहिलं आणि पुस्तक हळूहळू खाली आलं, तेव्हा तिचे डोळे भरलेले होते. तेवढ्यात भोंग्यानं हॉलभर ऐकू जाईल असं मला सुनावलं, आजोबा, तिनं पहिल्यांदाच बरोबर वाचलं होतं, 'कासवानं हळूच डोकं बाहेर काढलं', तुम्ही ऐकू नाही आलं म्हणालात म्हणून तिनं हळूचचं हळद केलं, मग हळवं केलं, आता अजून काय करायचं तिनं?

खरं सांगतो, मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पोरीनं बरोबर शब्द वाचला होता, स्वतःच्या हिमतीवर, आणि माझ्यामुळे तिनं तो टाकून दिला. समोर दोन वाटा होत्या. बरं बरं म्हणून पान उलटायचं, म्हणजे ती घरी जाताना आपण चुकलो असंच धरून गेली असती. नाहीतर खरं बोलायचं. मी तिला म्हणालो, तू चुकली नव्हतीस, मला खरंच ऐकू आलं नाही, माझे कान बिघडलेत. तिनं माझ्याकडे संशयानं बघितलं आणि विचारलं, म्हणजे खोटं खोटं नाही? मी म्हणालो, खरं खरं. मग तिनं उठून माझ्या एका कानात डोकावून बघितलं, मागून फिरून दुसऱ्यात बघितलं आणि कोणता कमी बिघडलाय ते विचारलं. डावा, म्हणालो. तिनं आपली खुर्ची फरफटत डाव्या बाजूला आणली आणि ती ओळ पहिल्यापासून वाचली. मोठ्यानं नाही, पण मला ऐकू आली.

त्या दिवसापासून पोरगी बदललीच. आपल्याला वाचता येतं की नाही यापेक्षा आजोबांना ऐकू जातं की नाही याची तिला जास्त काळजी. शब्द तोंडात चावायची सवय गेली, मान वर आली, आणि रोज आल्या आल्या माझी खुर्ची बरोबर ठेवायचा मान तिनं स्वतःकडे घेतला. भोंग्यानं बातमी हॉलभर केली होतीच. बाई हसून म्हणाल्या, मला वाटायचं तुम्ही माझ्या बोलण्याकडे कानाडोळा करता. आता त्या माझ्याशी बोलायच्या आधी समोर येऊन उभ्या राहतात. जे लपवण्यासाठी मी एवढी कसरत करत होतो, ते त्या हॉलमध्ये कुणाला विशेष वाटलंच नाही.

शेवटच्या दिवशी मुलं चर्चमध्ये, पुढच्या पायरीवर उभी राहून, आईवडिलांसमोर वाचणार होती. माइक नाही, बाईंना माइक चालत नाही. मी मुद्दाम शेवटच्या बाकावर बसलो. कुजबुजेची आई कामावरून तशीच आली होती, हात पदराला पुसत माझ्या पुढच्या बाकावर टेकली. कुजबुज उभी राहिली. पुस्तक छातीच्या खाली धरलेलं, म्हणजे मला ओठ दिसावेत. आमचं ठरलं होतं की ऐकू आलं तर मी कानाला हात लावायचा. तिनं मला शोधलं, दम घेतला आणि 'कासवानं हळूच डोकं बाहेर काढलं' हे वाक्य अशा काही आवाजात म्हटलं की फादर दचकले. 'हळूच' हा शब्द एवढ्या मोठ्यानं मी आयुष्यात ऐकला नव्हता. सगळं चर्च हसलं, तीही हसली आणि पुढचं न अडखळता वाचून गेली. तिची आई रडत होती. मी दोन्ही हात दोन्ही कानांना लावून बसलो होतो. बाजूच्याला वाटलं असेल, मला आवाज सहन होत नाही.

काल तिची आई जिन्यात भेटली, मुद्दाम सांगायला आली होती. शाळेनं वाचून घेतलं आणि पोरीला वरच्या वर्गात बसवलं. नव्या बाईंची एकच तक्रार आहे, मुलीनं जरा हळू वाचावं. आमच्या हॉलमधल्या बाई मला बखोट धरून कानाच्या डॉक्टरकडे घेऊन गेल्या होत्या. दोन्ही कानांना यंत्र बसेल, थोडे दिवस लागतील.

यंत्र आल्यावर तुला फोन करून हसत हसत सगळं सांगावं, असं आधी ठरवलं होतं. पण काल जिन्यात उभा असताना कुजबुजेचे ते भरलेले डोळे पुन्हा समोर आले, आणि मला आणखी थांबवेना. बडबडे, त्या रविवारी तू काय सांगितलंस, त्यातला एक शब्दही मला ऐकू आलेला नाही. फोनवर ओठ दिसत नाहीत. एरवी तू मोठ्यानं बोलतेस म्हणून भागतं, पण त्या दिवशी तुझा आवाज खालचा होता, मधे मधे तू थांबत होतीस, तिथे मी हो, बरं, असं म्हणत गेलो आणि शेवटी छान झालं म्हणून मोकळा झालो. चांगली बातमी असती तर तू अशी गप्प झाली नसतीस. म्हणजे काहीतरी दुखत होतं, ते तू हिमतीनं मला सांगितलंस, आणि तुझा बाप म्हणाला छान झालं. मग तूही त्या पोरीसारखं केलंस. खरं ते टाकून दिलंस आणि फोनवर 'काही नाही, सगळं ठीक आहे' म्हणायला लागलीस. पहिल्यांदा म्हणालीस तेच बरोबर होतं, बाळा. तू चुकली नव्हतीस. ये निघून, डाव्या बाजूला खुर्ची ठेवलीय. यायला जमत नसेल तर लिही, डोळे माझे अजून शाबूत आहेत. मला ऐकू नाही आलं. पुन्हा सांग.

तुझाच कान,
बाबा