शिक्रा आणि दृष्टी

३ सप्टेंबर २००६, रविवार
आजपासून मी निसर्गचित्रकार. पुण्याहून चेन्नईला ज्यासाठी आलो ती इरुंगाट्टुकोट्टैच्या कारखान्यातली नोकरी फक्त पोटासाठी. अण्णा नगरच्या आमच्या बाल्कनीसमोर कडुनिंबावर शिक्रा येतो. शिकारी पक्षी, रुबाबदार. तोच विषय. रेवाची अट: दिवाळीपर्यंत एका तरी माणसाने माझं चित्र आपणहून मागून आपल्या घराला लावलं पाहिजे. नाहीतर रंग कायमचे बंद, हॉल तिचा. लगेच हो म्हटलं. बिचारी बायको.

१० सप्टेंबर, सकाळ
शिक्रा आला. ब्रश सापडेपर्यंत गेला. काडीची शिस्त नाही. आता आठवणीतून रंगवणार. तीच खरी कला.

२४ सप्टेंबर
डावा डोळा जरा मोठा झाला. बॅलन्ससाठी उजवा वाढवला. मग डावा बारीक वाटायला लागला. रेवाने विचारलं, घुबड का? दुर्लक्ष केलं. घुबडाचे पाय वेगळे असतात. (पाय अजून काढायचेत.)

२ ऑक्टोबर, सुट्टी
पाय जमेनात. फांदीमागे लपवले. याला कॉम्पोझिशन म्हणतात. ऑफिसातला पुष्कर घरी आला होता, त्याला दाखवलं. तोंडावर रुमाल धरून बाल्कनीत गेला. भारावला असणार.

८ ऑक्टोबर
जिंकलो! घरमालक अनंतराव आले होते. तंजावरकडचे मराठी, कित्येक पिढ्या इकडेच. चित्र बघून चक्क मागे सरले. म्हणाले, तांबरमला नवं घर बांधतोय, दृष्टीला असलंच पाहिजे होतं, दुकानात मिळेना. दृष्टी! अख्ख्या पुण्यात कुणाला माझी दृष्टी दिसली नाही. देऊन टाकलं. रेवाचं तोंड बघण्यासारखं.

१५ ऑक्टोबर
रेवा आणि पुष्करला घेऊन तांबरमला गेलो. इस्त्रीचा झब्बा. घर अर्धवट, हॉलला भिंतीच नाहीत. चित्र कुठे, विचारलं. अनंतरावांनी वर बोट केलं. दुसऱ्या मजल्याच्या बांबूंना, कोहळ्याशेजारी, माझा शिक्रा. इकडे दृष्टी म्हणजे आपली दृष्ट. ती लागू नये म्हणून बांधकामावर राक्षसाचं तोंड टांगतात. त्या जागी हा.

पुष्कर वाळूच्या ढिगावर बसून हसला. रेवा हसली नाही. घराला लागलंय, तू जिंकलास, एवढंच म्हणाली. मेल्याहून मेल्यासारखं झालं.

अनंतराव मात्र जाम खूश. शेजारच्या प्लॉटवाल्यालाही एक हवंय म्हणाले. फक्त याला जीभ नाही, पुढच्याला तेवढी बाहेर काढाल का?

केवढी लांब, मी विचारलं.