समोरचा फ्लॅट विकू द्यायचा नाही

२ ऑगस्ट १९९४, मंगळवार. इथल्या मुक्तिदिनाची सुट्टी.
आजपासून रोज लिहायचं. वही नातीची, गुड्डीची. मागची पानं कोरी होती. कोणी वाचणार नाही, म्हणजे स्वतःचं कौतुक करायला हरकत नाही.
पहिल्या पानावर नाव-गाव लिहायचं, असं शाळेत शिकवलंय. तर: चिमाबाई, सातवी पास, नदी-दर्शन बिल्डिंग, टोकरखाडा, सिल्वासा. नदी दिसत नाही. टाकीवर चढलं तर दिसते म्हणे, प्लंबर सांगत होता. फ्लॅट गुड्डीच्या आजोबांनी घेतला, दुपारी बारा वाजता बघून. दुपारी बाराला कुठलंही घर चांगलंच दिसतं. ते गेले त्याला चार वर्षं झाली. बघताना काय काय बघायचं राहिलं ते मी एकटी रोज बघते.
समोरचा फ्लॅट रिकामा आहे. तो माझ्या समाधानने घ्यायचा, हे मी ठरवलंय. तो मसाटला प्लॅस्टिकच्या कंपनीत आहे. बायको विजया आणि गुड्डीला घेऊन सायलीला एका खोलीत राहतो. कंपनीचं लोन दिवाळीनंतर मिळणार. तोवर फ्लॅट विकला जायला नको. बिल्डरचा माणूस नथू म्हणतो, मासी, टोकनशिवाय मी कोणासाठी थांबत नाही. नको थांबू बाबा. गिऱ्हाईक मी थांबवते.
नियम एकच. खोटं बोलायचं नाही. गरजच नाही.

७ ऑगस्ट, रविवार.
पहिलं गिऱ्हाईक. पुण्याचं जोडपं, हेमंत आणि अंजली. तो सायलीच्या कारखान्यात इंजिनीअर. नथू फरशी दाखवत होता. मी दारात तांदूळ निवडत बसलेली, सहज.
अंजलीने विचारलं, काकू, पाणी कसं आहे इथे? मी म्हटलं, गोड आहे हो. पहाटे पाच चाळीसला येतं, अर्ध्या तासात जातं. मोटरची चावी वरच्या कानडी सुपरवायझरकडे. तो नाइट शिफ्टहून येऊन झोपला की आमच्या टाकीचं काही खरं नाही. मग मी झाडूच्या दांड्याने छत ठोकते. तुम्ही राहायला आलात की एक दिवस तुम्ही, एक दिवस मी.
नथू म्हणाला, मासी मजाक करते. मी म्हटलं, चल, नळ उघड.
नथूने नळ उघडला नाही. पुणेकर दोन-दोन पायऱ्या उतरत गेले.

१५ ऑगस्ट, सोमवार.
आज तीन पार्ट्या. वाराही मसाटकडून. नथू बाल्कनीत उभा राहून सांगत होता, ही हवा सीधी दमणगंगेवरून येते. म्हटलं, नथूभाऊ, मग आज नदीने टायर खाल्लेला दिसतोय.
दुसऱ्या पार्टीला आमचा बाथरूमचा दरवाजा दाखवला. पावसात फुगतो. जूनपासून लागलेला नाही. मी गाणं म्हणत आंघोळ करते. गाणं चालू असेपर्यंत शेजाऱ्यांनी साखर मागायला यायचं नाही, एवढं पाळलं की झालं. त्या बाईंचे मिस्टर हसले. बाई हसल्या नाहीत. तिथेच सौदा संपला.
तिसरी पार्टी नुसती माझ्याकडे बघूनच गेली. वाईट वाटलं. तयारी केली होती.

२१ ऑगस्ट, रविवार.
समाधान, विजया, गुड्डी जेवायला. शेवभाजी केली. जेवताना सगळी गिऱ्हाइकं करून दाखवली. पुणेकर दोन-दोन पायऱ्या कसे उतरले, ते तर दोनदा. गुड्डीला ठसका लागला. समाधान म्हणाला, आई, पाप लागेल. म्हटलं, खरं बोलल्याचं पाप कोणत्या पोथीत आहे, दाखव.
विजया मात्र सगळं नीट ऐकून घेते. मध्ये-मध्ये विचारतेही. वायर कुठून गेली आहे, ओल कुठल्या भिंतीला येते, जिन्यातला दिवा कोण लावतं. तेवढं कागदावर लिहूनही घेतलं. सासूची कदर असलेली सून नशिबाने मिळते. समोर राहायला आली की तिला बोलणं शिकवीन. फार मुकी आहे.

११ सप्टेंबर, रविवार.
आजचा आपल्या गावाकडचा निघाला. सुकदेव, धरणगावचा, टर्नर. बायको पोटुशी. मला आत्या म्हणाला. जीव विरघळला. चहा पाजला. त्याला काही सांगायचं नाही असं ठरवलं.
मग वाटलं, आपल्या माणसाला अंधारात ठेवणं बरं नाही.
भिंती कशा आहेत ते सांगितलं. वरचा शिंकला तर मी खालून शतंजीव म्हणते. बाळ रडेल तेव्हा सहा घरं जागी राहतील. रात्री दवाखान्यात जायचं तर रिक्षा नाक्यापर्यंत पायी, आणि पावसात नाका म्हणजे तळं. बायकोने पोटावर हात ठेवला. गेले.
चहाचा कप तिने धुऊन ठेवला होता. नंतर दिसला.
त्यांच्या भल्यासाठीच सांगितलं. उद्यापासून पोटुश्या बायांना फक्त अर्धं सांगायचं.

२५ सप्टेंबर, रविवार.
नथूने माझ्यासाठी जिन्याजवळ खुर्ची आणून ठेवली. म्हणाला, मासी, किती वेळ उभं राहणार, गुडघे दुखतील. पुरता शरण आलाय. आता तर पार्टी आली की फ्लॅट उघडायच्या आधी माझ्याकडेच आणतो. म्हणतो, पहिले मासीशी बोला. बिचारा. नोकरी जाईल त्याची.

३० ऑक्टोबर, रविवार.
आत्तापर्यंत चौदा गिऱ्हाइकं परत. एक मुंबईची मॅनेजरीण रडवेली झाली, तिला मी पाणी दिलं. पाणी कधीचं भरलेलं तेही सांगितलं.
फ्लॅट रिकामा. धनत्रयोदशी परवावर. समाधानचं लोन मंजूर. मी जिंकले. आजपासून कमी बोलायचं.

६ नोव्हेंबर, रविवार. सकाळी ११.
समाधान पेढे घेऊन आला. फ्लॅट बुक केला. समोरचा नाही. रस्त्यापलीकडची नवी बिल्डिंग, त्याच बिल्डरची. नथूनेच दाखवली.
मी विचारलं, का रे? तो पायाच्या अंगठ्याने फरशी खरवडत म्हणाला, आई, तूच तर सांगितलंस.
विजया त्या कागदावरचा एकेक प्रश्न तपासून आली. पहाटे साडेपाचला जाऊन नळ उघडला, वारा मसाटकडून असताना तिथल्या पाठीमागच्या बाल्कनीत उभी राहिली, भिंतीला कान लावून गुड्डीला पलीकडे खोकायला लावलं. काही म्हणजे काही खोट निघाली नाही.
माझी चौदापैकी अकरा गिऱ्हाइकंही तिथेच. पुणेकर दुसऱ्या मजल्यावर. सुकदेव तळमजल्यावर. नथूला बिल्डरने नवी स्कूटर दिली. नथू रस्त्यातून हात करतो.

त्याच दिवशी, दुपारी ४.
नीट विचार केला. हे मला हवंच होतं. बिल्डरकडे तिथेच कोपऱ्यावरचा तीन खोल्यांचाही फ्लॅट आहे. तिसरी खोली माझी. मी हा फ्लॅट विकून पैसे समाधानला द्यायचे, म्हणजे त्याला तीन खोल्यांचा परवडतो. नाही विकला तर दोन खोल्यांचाच, आणि मी इथे. बिल्डर संक्रांतीपर्यंत थांबतोय. गुड्डीने खोलीत कुठे झोपायचं ते ठरवूनही टाकलं: माझ्या कुशीत, भिंतीच्या बाजूने.
दोन महिने खूप झाले. मी लोकांना घर नको म्हणायला लावलं, तर हो म्हणायला लावणं काय अवघड.

२७ नोव्हेंबर, रविवार.
कोणी आलं नाही. समोरचा फ्लॅटही अजून रिकामाच. माझं काम चोख होतं, हे मान्य करायला हवं.

११ डिसेंबर, रविवार.
एक जण जिन्यापर्यंत आला. म्हणाला, हीच का ती, जिथे गाणं म्हणत आंघोळ करतात? म्हटलं, नाही. परत गेला.
आयुष्यात पहिल्यांदा खोटं बोलले आणि तेही फुकट.

२५ डिसेंबर, रविवार.
सुताराकडून बाथरूमचा दरवाजा तासून घेतला. आता लागतो. उघडत नाही. सकाळी तासभर आत होते. वरच्या सुपरवायझरने सोडवलं. त्यानेही झाडूच वापरला.

८ जानेवारी १९९५, रविवार. दुपारी १.
आज खरं गिऱ्हाईक! भगवंत नावाचा सज्जन माणूस, नाशिककडचा, समाधानच्याच कंपनीत स्टोअरकीपर. बायकोला घेऊन आला. खिशातून झेरॉक्स काढली. म्हणाला, कंपनीत सगळ्यांकडे आहे, घर घेण्याआधी विचारायचे सोळा प्रश्न. वर मोठ्या अक्षरात, चिमाबाईंचे. अक्षर विजयाचं. मला म्हणाला, तुम्ही ओळखता का त्यांना? म्हटलं, तोंडओळख आहे.
एकेक विचारत गेला. पाणी? म्हटलं, वेळेवर येतं. वेळ कोणती ते त्याने विचारलं नाही. वास? पाऊस होता तेव्हा जास्त, आता बरा. दरवाजा? लागतो. सोळाच्या सोळा संपले. माणूस खूश. म्हणाला, मावशी, एवढं चालायचंच, मला आवडलं. टोकनसाठी पाकीट काढलं.
मी तो कागद हातात घेतला. वाचला. आणि खरं सांगते, राहवलं नाही. म्हटलं, यात एक राहिलाय.
तो म्हणाला, कोणता?
म्हटलं, तुमचे मेहुणे कुठे राहतात?
म्हणाला, दोन वापीला, एक वलसाडला, एक नवसारीला.
म्हटलं, म्हणजे चौघेही गुजरातेत, तिथे दारूबंदी. आपलं सिल्वासा गुजरातेत नाही, इथे उघडी दुकानं. दर शनिवारी संध्याकाळी चौघांना बहिणीची आठवण येणार. आमच्या बिल्डिंगमध्ये दर शनिवारी जिन्यात आठ-आठ चपलांचे जोड असतात. रविवारी सकाळी भाचरांना घेऊन वहिन्या येतात, त्यांना न्यायला. स्वयंपाक दोन्ही वेळचा. हे फक्त या बिल्डिंगचं नाही हं, अख्ख्या सिल्वासाचं.
त्याने पाकीट बंद केलं. बायकोकडे बघितलं. बायको खिडकीतून बाहेर बघत होती. म्हणाला, आम्ही विचार करून सांगतो. जाताना म्हणाला, तुम्ही चिमाबाईच ना?

दुपारी ३.
माणूस बरा नव्हता. चहात बिस्कीट बुडवून खात होता. अजून सहा दिवस आहेत.

१४ जानेवारी, शनिवार. संक्रांत.
तिळगूळ घेऊन गेले. समाधानने सकाळीच दोन खोल्यांचा पक्का केला. विजया माझ्या पाया पडली. मी म्हटलं, बरंच झालं. तीन खोल्या झाडायच्या म्हणजे काय खेळ आहे? मी आधीच म्हणणार होते.
गुड्डीने विचारलं, आजी, मग तू आमच्याकडे कधी?
म्हटलं, दर शनिवारी.