चित्रातल्या बाईचं कुंकू

कुंडल, जानेवारी १९७४
मंगळवार, संध्याकाळ

मन कशातच लागत नाही. उद्या मला बघायला पाहुणे येणार. लग्न झालं तरी सांगलीच्या शाळेत शिकवायला जायचंच, हे मी मनाशी ठरवलंय. पण त्यांना ते सांगायचं कसं?

त्यात ते चित्र. बी.ए. झाले तेव्हा कॉलेजातल्या बाईंनी दिलेलं. लाकडी ठशांनी छापतात तसलं, जपानी. बर्फाचा डोंगर, पूल, आणि पुलावरून छत्री घेऊन एकटीच चाललेली बाई. कुठे निघाली असेल? मी रोज वेगळं गाव ठरवते.

दुपारी आत्या आईला म्हणाली, "पांढऱ्या कपाळाची बाई भिंतीवर? पावणं काय म्हणतील? काढ आदी."

आईनं काढलं नाही. करंड्यात बोट बुडवून त्या बाईच्या कपाळावर कुंकू टेकवलं.

मी चिडले. "आई, त्यांच्यात कुंकू लावत नाहीत."

"त्यांच्यात न्हाई, पर ऱ्हाती आपल्या घरात न्हवं?" आई म्हणाली. मग हळूच, "आता तिला कोण इचारायचं न्हाई, एकटी कुठं निघालीस म्हून."

तेव्हापासून तेच डोक्यात. कुंकू पुसायला गेले तर सगळ्या बर्फात पसरेल, म्हणून तसंच ठेवलंय. आईनं तिला वाचवलं, हे कळतं. पण कपाळ मोकळं होतं तेव्हाही ती चालतच होती ना?

उद्या कुणी विचारायच्या आधी मीच सांगेन, कुठे निघालेय ते.