शेपटीवर बसलेलं विमान

४ मार्च, बुधवार

काढलं खोकं! कपाटावरून, स्टुलावर चढून, एकटीने. "अगं पडशील!" हे खुर्चीतूनच ओरडले. पडले नाही.

खोक्यात विमानाचा किट आहे. निवृत्तीच्या दिवशी हँगरमधल्या लोकांनी ह्यांना दिलेला. ज्या दोन इंजिनांच्या विमानाच्या पोटात शिरून ह्यांनी उभं आयुष्य नटबोल्ट आवळले, तेच विमान, छोटं करून. छोटं कसलं! पंख जोडले की जेवणाचं टेबल भरून जाईल.

खोकं तेव्हापासून तसंच पडलंय. आधी वेळ नव्हता, मग ह्यांचे हात थरथरायला लागले. डॉक्टर म्हणाले, जिवाला धोका नाही, पण थरथर जाणारही नाही. तेव्हापासून हे कशालाच हात लावत नाहीत. चहा अर्धाच कप घेतात. दाढी न्हाव्याकडे. आणि काल धाकट्या मिस्त्रीला फोन! (धाकटा म्हणजे चांगला पन्नाशीचा. ह्यांच्या हाताखाली शिकला.) "एकोणतीसला रविवार आहे. ये, माझी हत्यारपेटी घेऊन जा. मला आता काय उपयोग तिचा?"

मी स्वयंपाकघरातून ऐकलं. अंगाचा तिळपापड झाला. ती पेटी घरातून गेली की हा माणूस खुर्चीतून उठायचा नाही, हे मला ठाऊक आहे. तेव्हाच ठरवलं — विमान मी बांधणार, ह्यांच्या डोळ्यांसमोर, आणि एकोणतीसच्या आत ह्यांच्या हातात हत्यार आलेलं बघणार.

६ मार्च, शुक्रवार

बाजारातून आले तर खोक्याचं झाकण उलटं लावलेलं. चित्र भिंतीकडे. मी असं कधीच ठेवत नाही. म्हणजे साहेब आत डोकावले! विचारलं नाही. गालातल्या गालात हसले.

९ मार्च, सोमवार

सुरुवात झोकात. दातांच्या लॅबमध्ये आयुष्यभर कवळ्या केल्या. अर्ध्या शहराची तोंडं मी भरलीत. मला हे प्लॅस्टिक काय घाबरवणार! माझे जुने घासायचे दगड काढले, मेणाची सुरी काढली. वैमानिकाची खोली तासाभरात तयार. खुर्च्यांचे पट्टेसुद्धा रंगवले.

माहितीपत्रकात तिसऱ्या पायरीला एक पुडी दाखवलीय — विमानाच्या नाकात ठेवायचं वजन. खोक्यात पुडीच नाही. सगळ्या पिशव्या उलट्या करून झटकल्या. कारखानेवाले विसरले असणार. जाऊ दे! चिमूटभर वजनाने काय अडतंय? पोटाचे दोन्ही भाग चिकटवून टाकले. सांधा असा बसलाय की नखाला लागत नाही.

"झालं पोट बंद?" पेपराआडून.

"झालं."

"हं."

एवढंच. पण विचारलं तरी!

१२ मार्च, गुरुवार

लेकीचा फोन. तिला बेत सांगितला. म्हणे, "आई, सोपं आहे. बाबांसमोर अडल्याचं नाटक कर. विचार त्यांना, हे कसं करू, ते कसं करू."

मी म्हटलं, नाटक मला जमत नाही. आणि अडले तर ना!

"तू जन्मात कधी कुणाला काही विचारलंयस का गं?" हसत होती. मला राग आला. कशाला विचारायचं? येतं म्हणून विचारत नाही. ह्यात माझी काय चूक!

१७ मार्च, मंगळवार

पंख लागले. सरळ, एक केसभर इकडेतिकडे नाही. रंगाची फवारणी बाल्कनीत केली. वाळत टाकलेल्या चादरीला थोडा निळा रंग लागला. चादर जुनी होती.

आज मी मुद्दाम सगळा पसारा ह्यांच्या खुर्चीजवळ मांडला. पकड अगदी हाताशी. हे बघत राहिले. मग उठले — आणि पाणी पिऊन परत बसले.

पेटी ह्यांनी दाराशी आणून ठेवलीय, पुसून. जाताना माझ्या पायाला लागते. मुद्दाम बाजूला करत नाही.

२१ मार्च, शनिवार

चाकं लावली. तीन. एक पुढे, दोन मागे. टेबलावर उभं केलं, मागे सरून बघितलं — काय देखणं दिसतंय!

आणि हळूच, अगदी हळूच, नाक वर गेलं. शेपटी टेबलावर टेकली. पुढचं चाक हवेत!

दाबून खाली केलं. परत वर. परत दाबलं. परत वर. बसलंय शेपटीवर, भीक मागणाऱ्या कुत्र्यासारखं.

पुडी! ती मेली पुडी!

ह्यांनी पेपर खाली केला. विमानाकडे बघितलं. माझ्याकडे बघितलं. पेपर परत वर. मला वाटतं पेपर हलत होता. हात थरथरतात म्हणून असेल.

२२ मार्च, रविवार

शेपटीखाली खोडरबर लावला. उभं राहतं. कुणाला कळणार नाही.

मला कळतंय.

२४ मार्च, मंगळवार

सगळं करून पाहिलं. पुढच्या चाकाला टेबलाशी चिकटवलं — चाकच निखळलं. नाक उघडावं तर सांधा इतका पक्का की विमानाचे दोन तुकडे होतील. माझंच काम माझ्या मुळावर आलंय. कवळीचं मेण चुकलं तर वितळवून परत ओतता येतं. हे नाही वितळवता येत.

रडू आलं. खरंच आलं. विमानासाठी नाही. रविवार आला ना. ह्यांना उठवायला निघाले होते आणि स्वतःच खोडरबराच्या आधाराने उभी.

२५ मार्च, बुधवार

विचारलं. लिहितानाही कसंतरी होतंय. सकाळचा चहा झाल्यावर समोर जाऊन उभी राहिले. "अहो, मला जमत नाहीये. नाकात वजन कसं घालू? तुम्ही बघता का जरा?"

हे इतक्या झटक्यात उठले की पेपर खाली पडला!

"पुढच्या चाकाच्या खाचेतून जायचं," म्हणाले. "आत पोकळ आहे. पेटी आण."

पेटी आण! मी धावतच आणली.

चिमटीत फिरवायचा बारका ड्रिल काढला. कोपर टेबलावर रोवलं, मनगट माझ्या तळहातावर टेकवलं. पहिल्यांदा ड्रिल घसरला, नाकावर ओरखडा. हे थांबले. चेहरा उतरला. "राहू दे," म्हणाले, "तूच कर."

"मला येत नाही," मी म्हटलं. आणि हे खरं होतं!

दुसऱ्यांदा भोक पडलं. मग पेटीच्या तळातून जुन्या बेअरिंगच्या बारीक गोळ्या निघाल्या. मी विमान नाकावर उभं धरलं आणि कागदाच्या नळीतून गोळ्या सोडल्या. वरच अडकल्या. मी ढोसून बघितलं, हलेनात.

"धर नीट," म्हणाले, आणि नाकाला नुसता हात लावला. थरथरता. आत खुळखुळ खुळखुळ, आणि गोळ्या एकेक करून खाली बसत गेल्या. बरणी हलवून भरतो तशा. मी इतकी वर्षं ज्या थरथरीला शिव्या घातल्या, तिनेच काम केलं. हे हसायला लागले. मीही. विमान पडता पडता वाचलं.

वरून गोंद ओतला. निखळलेलं चाक ह्यांनीच बसवलं. वाळू दिलं.

२६ मार्च, गुरुवार

तीन चाकांवर उभं आहे! खोडरबर कचऱ्यात.

२९ मार्च, रविवार

धाकटा मिस्त्री आला. विमानाभोवती दोन फेऱ्या मारल्या. "साहेब, नाकावर ओरखडा?"

"तो माझा आहे," हे म्हणाले. जसं काही पदकच!

मग त्याने पेटीकडे बघितलं. मी चहा गाळत होते, गाळायची थांबले.

"पेटी राहू दे," हे म्हणाले. "घरात काम निघतंय. हिला सगळं येतं असं वाटतं, पण अडतं."

एरवी असं कुणी म्हणालं असतं तर मी चहा डोक्यावर ओतला असता. आज पूर्ण कप भरून दिला. ह्यांनाही पूर्ण. बशीत सांडला. सांडू दे.

३१ मार्च, मंगळवार

विमानाच्या काचेवर बोटाचा डाग होता. पुसायला मऊ कापड हवं म्हणून ह्यांच्या जुन्या चष्म्याचा डबा उघडला. कापडाखाली एक पुडी. न फोडलेली. त्या माहितीपत्रकातलीच — नाकात ठेवायचं वजन.

झाकण उलटं होतं त्या दिवसापासून! मी ह्यांना टेबलाशी ओढत होते, आणि हे खुर्चीत बसून वाट बघत होते — ही मला कधी हाक मारते.

पुडी होती तिथेच, कापडाखाली ठेवली. मला काही माहीत नाही. नाटक जमायला लागलं मला.