आमच्याकडे कोणी आंधळं नाही

पोझेगा, १२ ऑक्टोबर १९८६

ती. स्तामेनाताईस,
सा. न. वि. वि.

खाचा पाडलेला पुठ्ठा कागदावर ठेवून, बोटांनी चाचपत लिहिते आहे. ओळीवर ओळ चढली असेल तर शेजारणीकडून वाचून घे. तुझी बहीण आंधळी आहे हे तिलाही कळेल.

आय्वार चटणीच्या बरण्या छान झाल्या. मिरच्या सोलायला आलीस, चार दिवस राबलीस, देव तुझं भलं करो. आता दुसरं. मी परसात मिरच्या भाजत होते तेव्हा पुढल्या दाराची घंटा वाजली. तू गेलीस, परत आलीस, आणि ब्रश विकणारी होती, घालवून दिली म्हणालीस. काल मी अंधांच्या संघटनेत फोन करून विचारलं, काठीने चालायला शिकवणाऱ्या यागोदाबाई का आल्या नाहीत. त्या म्हणाल्या, आले होते की. एप्रन बांधलेल्या एक बाई म्हणाल्या, आमच्याकडे कोणी आंधळं नाही.

ताई, पेत्रानेही ख्रिस्ताला शेकोटीपाशीच नाकारलं होतं. पण कोंबडा आरवल्यावर तो रडला तरी. तू जेवायला बसलीस, आणि दुसऱ्यांदा वाढून घेतलंस.

माझ्या मुलाने, मिलोयेने, काय बजावलंय ते तुला ठाऊक आहे. आमच्या घराच्या स्लावाला, कुळाच्या संत निकोलाच्या दिवशी, सणाचा पाव घेऊन मी एकटी देवळात गेले तर हे घर राहील. नाहीतर सण उरकला की दाराला कुलूप, आणि मी नोवी सादला त्याच्या पाचव्या मजल्यावर. यागोदाबाई अख्ख्या जिल्ह्याला एकट्या. आपल्या गावची पाळी आता वसंतात. तोवर मी कुठे असेन ते तूच ठरवलंस.

रागावलेली, तरी तुझीच,
रादोय्का

क्रागुयेवात्स, २७ ऑक्टोबर, संत पेत्काचा दिवस

चि. रादोय्कास अनेक आशीर्वाद.

पत्र पोचलं. शेजारणीची गरज पडली नाही, शिव्या मला नीट वाचता येतात. काचबिंदूने तुझे डोळे धरले, जिभेच्या वाटेला तो गेलेला दिसत नाही.

हो, म्हणाले मी. काय म्हणायला हवं होतं? कुंपणापाशी तुझी ती शेजारीण कोसारा कान टवकारून उभी. पांढरी काठी म्हणजे गावभर दवंडी, की हिला कोणी नाही. आपल्या आईने आजीला बारा वर्षं हाताला धरून फिरवलं, काठी लागली नाही.

आणि डोळ्यांना लावायला पेत्काच्या झऱ्याचं पाणी मी बाटल्या भरून पाठवते ते कशाला? मी सकाळी तिच्यापुढे मेणबत्ती लावायची आणि दुपारी तू काठी धरायची, म्हणजे संतिणीला तोंडावर सांगायचं की आमचा भरवसा संपला. मला ते जमायचं नाही.

स्लावाला मी येते. ईस्टरला नेलं तसं देवळात मीच नेईन. नोवी सादही काही वाईट नाही. लिफ्ट आहे, लाकूडफाट्याचा खर्च वाचेल.

बरण्यांची जुनी झाकणं टाकू नकोस.

तुझं बरंच चिंतणारी,
स्तामेना

पोझेगा, ३० नोव्हेंबर

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

ईस्टरचं नाव काढलंस ते बरं केलंस. मागून खांदे धरून भाजीची हातगाडी ढकलावी तसं ढकललंस मला. माझा हात मेणबत्त्यांच्या वाळूत गेला, पाय पाद्रीबाबांच्या पायावर पडला, आणि तू माझ्या वतीने सगळ्यांची माफी मागत होतीस. आजीलाही आई अशीच फिरवायची. म्हणून शेवटची वर्षं आजी खाटेवरून उठलीच नाही. तू विसरलीस. मी तिच्या कुशीत झोपायचे, मी नाही विसरले.

पाणी रोज लावते. पेत्काने डोळे परत दिले तर त्याच दिवशी काठी चुलीत घालीन, काडी तू ओढ. पण डॉक्टर म्हणतात नस वाळली. आणि संतिणीचं देऊळसुद्धा पायांनीच गाठावं लागतं.

ज्या कोसारापासून मला लपवलंस, तिनेच तुझं पत्र मला वाचून दाखवलं. म्हणाली, गल्लीला केव्हाचं ठाऊक आहे, तुझ्या बहिणीलाच कोणी कळवलं नाही वाटतं. दर गुरुवारी ती मला बसने उझित्सेला यागोदाबाईंकडे नेते. तिथे कळलं की आंधळ्याला कोणी धरायचं नसतं. त्याने तुमचं कोपर धरायचं आणि तुम्ही अर्धं पाऊल पुढे चालायचं. एवढी साधी गोष्ट, आणि इतकी वर्षं मी पोत्यासारखी ओढली गेले! ऐकून रडू नाही आलं, संताप आला.

आपला चौक गोल, कोपराच नाही. काठीला धरायला काही सापडत नाही. काल पुन्हा चुकले आणि देवळाऐवजी खाटकाकडे शिरले, तेही उपासाच्या दिवसांत.

अजून न थंडावलेली,
रादोय्का

क्रागुयेवात्स, १० डिसेंबर

चि. रादोय्कास आशीर्वाद.

१८ ला, सणाच्या आदल्या दिवशी येते. मासे इथूनच आणते, तिकडे महाग देतात. काठीबरोबर मी रस्त्यावर येणार नाही, घरी मासे तळत बसेन. पडलीस तर मला हाक मारू नकोस.

जुन्या पडद्याची पिशवी शिवली आहे, पाव त्यात घालून गळ्यात अडकव. हात मोकळा हवा. काठीसाठी नव्हे, क्रूसाची खूण करायला.

स्तामेना

पोझेगा, २३ डिसेंबर

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तू घाईने बस पकडलीस, बोलणं राहिलं.

सणाच्या सकाळी चौकाच्या मध्यावर कुण्या भल्या माणसाने न विचारता माझा दंड धरला आणि ओढू लागला. काठी अडकली, दिशा गेली, गळ्यातला पाव हेलकावे खाऊ लागला. मी सोडा म्हणत होते, त्याची दया काही थांबेना. तेवढ्यात मागून एक बाई ओरडली, की सोड तिला मेल्या, आंधळी आहे ती, आंधळ्या माणसाला असं ओढतात होय, तिला येतं चालायला! अख्ख्या चौकाने ऐकलं. कोसारा म्हणते, खाटीकसुद्धा सुरी घेऊन दारात आला.

आवाज तुझ्यासारखा होता. पण तू तर घरी मासे तळत होतीस. देवळातून परत आले, करपल्याचा वास आला, तेव्हा उरलेलं कळलं.

मिलोयेही चौकापलीकडे लपून उभा होता म्हणे. जाताना त्याच्याकडची घराची किल्ली माझ्या खुंटीला अडकवून गेला.

राग गेला असं समजू नकोस. वसंतापर्यंत पुरेल एवढा शिल्लक आहे. यागोदाबाईंची माफी तुला स्वतः मागावी लागेल, मी मागणार नाही. ईस्टरला ये. मागून नको, अर्धं पाऊल पुढे चाल. कोपर तुझं, हात माझा.

झाकणं धुऊन ठेवली आहेत.

तुझ्या पत्राची वाट पाहणारी,
रादोय्का