बॉल तिथं नव्हता

बाबा, काल तुमच्या नातीमुळे एका मुलीचा गुडघा गेला. तुम्ही तिला पाहिलेलं नाही. ती जन्मली तेव्हा तुम्हाला जाऊन बरीच वर्षं झाली होती. कॉलेजात आहे, वर्ध्याच्या एका क्लबकडून फुटबॉल खेळते, आणि तीही तुमच्यासारखीच मागच्या फळीत, उजव्या बाजूला. आजोबा खेळायचे एवढं तिला ठाऊक आहे. त्यांनी खेळ का सोडला, ते मी तिला कधी सांगितलं नव्हतं.

काल जिल्ह्याच्या संघाची निवड होती. समोर एक सडपातळ मुलगी होती, बॉल तिच्या पायाला चिकटल्यासारखा. ती आपल्या पोरीला एकदा चकवून गेली, मग परत एकदा. लाइनीवरून प्रशिक्षक ओरडले, "अशीच जाऊ द्यायची असंल तर बाहेर येऊन बस!" आपलीने मान खाली घातली, शर्टाच्या बाहीने तोंड पुसलं. तिचं ते तोंड पुसणं पाहून मी पुढे सरकून बसले. पुढच्या वेळी ती मुलगी आली तेव्हा आपली जमिनीवर घसरतच गेली, दोन्ही पाय पुढे, बुटांचे तळवे वर. धूळ उडाली. मग ती किंचाळी. तशी मी हिंगणघाटला, लहान असताना, एकदाच ऐकली होती.

तुम्ही तेव्हा गिरणीच्या संघातून खेळायचे. मैदान काळ्या मातीचं, हिवाळ्यात विटेसारखं कडक. तुमचे पाय जड व्हायला लागलेत हे आईला कळलं होतं, तुम्हाला नाही. केळझरचा तो पोरगा येतो, मिसरूडही धड फुटलेली नाही, तुमच्या दोन पायांच्या मधून बॉल काढतो आणि पलीकडे जाऊन स्वतःच घेतो. लोक हसतात. रोज तुमच्याबरोबर डबा खाणारे, तुमच्याच पाळीतले लोक. तुम्ही वळून त्यांच्याकडे पाहता. थोड्या वेळाने तो पुन्हा येतो, बॉल पुढे ढकलतो, आणि तुम्ही जाता. हाड मोडल्याचा आवाज मी बसले होते तिथवर आला. पोरगा मातीत लोळत होता आणि तुम्ही दोन्ही हात वर करून पंचाला सांगत होते, "बॉलवर होतो! बॉलवर होतो!"

त्या संध्याकाळी तुम्ही स्वयंपाकघरात पाटावर बसलेले, आई चुलीपाशी. "खेळात होते असं," आई म्हणाली. "तुम्ही का जाणूनबुजून केलं?" तुम्ही भाकरीचा तुकडा मोडला, तो हातातच धरून बसले. मी विचारलं, "बाबा, काऊन केलं तुम्ही तसं?" आईने मला डोळे वटारले. तुम्ही ताट सरकवून उठले.

रविवारी तुम्ही मला म्हणाले, "चाल माझ्यासंगं." कुठे ते बसमध्ये बसल्यावर कळलं. केळझरला उतरून तुम्ही एका दुकानात घर विचारलं, आणि विचारताना तुमचा आवाज इतका बारीक निघाला की दुकानदाराने दोनदा "काय?" म्हटलं. दारात त्याची आई उभी होती. तिने तुम्हाला ओळखलं. "आता कायले आले? पाय पाहाले?" आतून तो म्हणाला, "येऊ दे वो, माय." खाटेवर, कमरेपासून पायाच्या बोटांपर्यंत प्लास्टर. तुम्ही संत्र्यांची पिशवी खाली ठेवली आणि उभेच राहिले. तो हसायचा प्रयत्न करत म्हणाला, "काका, होते असं. तुम्ही तं बॉलवर आलते. मीच जरा जोरात होतो."

तो तुम्हाला वाट करून देत होता, बाबा. मी लहान होते, तरी मला ते समजलं. नुसतं "हो" म्हणायचं होतं. मी मनातल्या मनात म्हणत होते, म्हणा, हो म्हणा, आणि आपण जाऊ घरी.

तुम्ही म्हणाले, "बॉल तिथं नव्हता. तो पुढं गेलता. मले मालूम होतं."

त्याची माय म्हणाली, "मंग काऊन?"

"लोक हासून राह्यले होते."

त्या पोराचं हसू हळूहळू गेलं, त्याने भिंतीकडे तोंड केलं. "जा तुम्ही आता," तो म्हणाला. त्याच्या मायने पिशवी उचलून तुमच्या हातात परत दिली. बसस्टॉपवर तुम्ही माझा हात इतका घट्ट धरला होता की बोटं दुखत होती, पण मी सोडवला नाही. तुम्ही पुन्हा मैदानावर गेले नाहीत. तो पुढे चालायला लागला, पळायला नाही. मला कितीतरी वर्षं तुमचा राग होता, पाय मोडल्याचा कमी आणि ते खरं बोलल्याचा जास्त. त्या पोराला निदान खेळात लागलं एवढं तरी समाधान राहिलं असतं, ते तुम्ही काढून घेतलं असं वाटायचं.

काल त्या मुलीला सावंगीच्या दवाखान्यात नेलं. बाकावर एका टोकाला तिची आई, दुसऱ्या टोकाला मी, आणि भिंतीला टेकून आपली, मातीने भरलेल्या मोज्यांवर. प्रशिक्षक येऊन सांगून गेले, बॉलवरच होती, दोघींचाही नाइलाज होता. ते गेल्यावर ती बाई माझ्याकडे वळली. "ताई, तुम्ही तं पाह्यलं ना? बॉलवरच होती ना तुमची पोरगी?" तिला तेच ऐकायचं होतं. मी तोंड उघडलं, पण त्याआधी आपली बोलली.

"काकू, पोचते असं वाटलं मला. निघाले तेव्हा खरंच वाटलं. मग अर्ध्यात समजलं, नाई पोचत. पाय आखडता आला असता." ती थांबली. "नाई आखडला मी."

ती बाई उठून तिला मारेल असं मला वाटलं, आणि मी अडवायला उठले असते की नाही मला माहीत नाही. तिने पदराने डोळे पुसले. तेवढ्यात आतून नर्स आली. हाड शाबूत आहे, लिगामेंट फाटलंय, ऑपरेशन लागेल. आणि म्हणाली, पेशंट विचारतेय, ती पांढऱ्या शर्टवाली मुलगी आहे का बाहेर, तिला आत पाठवा.

आपलीने माझ्याकडे पाहिलं. ती गेली. दार लागलं. आत काय झालं ते तिने मला सांगितलेलं नाही आणि मीही विचारलेलं नाही. बाहेर आली तेव्हा रडलेली होती, एवढंच.

हे पत्र कुठे टाकायचं, बाबा. घडी करून ठेवीन, नाहीतर फाडीन. पण एक गोष्ट कोणालाच सांगितलेली नाही, तिलाही नाही. ती घसरत गेली आणि बॉल त्या मुलीच्या पायातून सुटून लाइनीबाहेर गेला, तेव्हा किंचाळी ऐकू येण्याच्या आधी, मी उभी राहून टाळी वाजवली होती.