मूलच्या व्हिएन्ना खाणावळीचा वारस

मी, प्रणित वारलू निकुरे, वय चोवीस, राहणार मूल, जिल्हा चंद्रपूर, हे कोणाच्या दबावाखाली लिहीत नाही. डोकं गरम आहे, पण ठिकाणावर आहे.

माझं सिकलसेलचं कार्ड लाल, म्हणजे आजार पुरता अंगात. खुब्याचं हाड गेलंय. सोमवारी नागपूरला ऑपरेशन आहे. अशा रक्ताला भूल देणं जोखमीचं, असं डॉक्टरांनी तोंडावर सांगितलं. म्हणून हा कागद.

१) बँकेतली बचत आई वच्छलाबाईला.

२) व्हिएन्ना खाणावळ. हॉटेल मॅनेजमेंटच्या कॉलेजनं मला व्हिएन्नाला शिकायला पाठवलं होतं. तिथं गल्लोगल्ली जुन्या खाणावळी. लाकडी बाकं, फळ्यावर खडूनं लिहिलेले पदार्थ, आणि रोज तीच शेजारपाजारची माणसं. अशाच एका खाणावळीतल्या हेडविग आजीनं मला गुलाश, म्हणजे मांसाचा दाट रस्सा, आणि शिळ्या पावाचे उकडलेले गोळे शिकवले. मग थंडीनं सांधे धरले. परत आलो, कॉलेज सुटलं ते सुटलंच. तशीच खाणावळ इथं राइस मिलजवळ उघडली.

पहिल्याच दिवशी मिलचा ड्रायव्हर कुलदीप म्हणाला, "हे गोळे ठेव बाजूले. भात कुठी आहे?" त्याला हाताला धरून बाहेर काढला. दुसऱ्या दिवशी घरून डब्यात भात घेऊन आला आणि गुलाश मागितला. मी त्याला अजून माफ केलेलं नाही. पण साक्षीला तोच आला.

३) जिला मी लग्नाची मागणी घातली होती, त्या मंजुषाचे वडील धनराजभाऊ यांना काहीही देऊ नये. रस्सासुद्धा नाही.

४) बाकं, भांडी, फ्रीज, फळा, खाणावळीचं नाव, सगळं मंजुषाला. गोळे तीच वळायची. माझे पाण्यात फुटायचे, तिचे नाही. तिचं कार्ड पिवळं, म्हणजे आजार रक्तात पण अंगावर नाही. धनराजभाऊंनी दोन्ही कार्डं शेजारी ठेवली आणि चहा न घेता उठले. त्यांच्यावर मी ओरडू शकलो. तिच्यावर नाही. ती एवढंच म्हणाली, "तुले दुखते तवा मी पाह्यलं आहे. तेच लेकराले देऊ काऊन?" यात खोट काढायला जागा सापडत नाही, म्हणून जास्त जळतो. आता तिची सोयरीक पांढऱ्या कार्डाच्या, म्हणजे निरोगी रक्ताच्या मुलाशी ठरते आहे.

~~अट : तिच्या नवऱ्यानं खाणावळीत पाऊल ठेवू नये.~~

हे वाचून दाखवलं तेव्हा भांडी घासणाऱ्या आशाबाईंनी हात मागं घेतला. "मी अंगठा नाई देत. तिले दुकान देऊन राह्यला का बेडी?"

"माह्या दुकानात तो बसन, आशाबाई?"

"बसन. जेवन. पैसे देईन."

अट खोडली आहे. खाडाखोड माझीच.

५) मी जगलो तरी खाणावळ तिचीच. जिवंतपणी द्यायचं तर कागद वेगळा करावा लागतो म्हणतात. करीन.

६) वकील म्हणतात, तिनं नाकारलं तर दुसरं नाव हवं.

"टाक ना कोणाचं," कुलदीप म्हणाला.

"दुसरं नाव नाई."

तिनं नाकारलं तर : ____________

सही : प्रणित वारलू निकुरे
साक्षीदार : १) आशाबाई गेडाम (अंगठा) २) कुलदीप शेंडे (सही)
मूल, १२ डिसेंबर २०२५